सिंदखेडची वंशावळ आणि जामोदची बोली

वंशावळ हा आपल्या लोकांच्या फार आवडीचा विषय. घरात दाणा असो वा नसो, माळ्यावरच्या लाकडी पेटीत कुळाचा एक पिवळा पडलेला कागद असावयाचाच. त्या कागदावर सर्वांत खाली आपले नाव, त्याच्या डोक्यावर वडिलांचे, त्यावर आजोबा-पणजोबांचे. आणि अशा आठ-दहा पायऱ्या चढून गेले की एकदम सूर्य नाही तर चंद्र! मधल्या दोन-अडीच हजार वर्षांत काय घडले, याची चौकशी करण्याचा उद्धटपणा कुणी करीत नाही. नाशिक-त्र्यंबकेश्वरला जावे, तीर्थोपाध्यायांनी आपली लांबलचक चोपडी उलगडावी, आणि तीत आपल्या पणजोबांचे मोडी हस्ताक्षर दिसावे, म्हणजे भल्याभल्यांचे डोळे पाणावतात. मी इतिहासाचा मास्तर. उभा जन्म बुलढाणा जिल्ह्यातल्या शाळांत गेला. पण त्या चोपडीपुढे मीदेखील हात जोडूनच बसलो आहे.

मात्र गेली काही वर्षे या विषयात एक नवाच तीर्थोपाध्याय उपस्थित झाला आहे. त्याची चोपडी कागदाची नाही. ती आपल्या रक्तात, लाळेत, केसाच्या मुळाशी लिहिलेली असते आणि ती वाचणारा भटजी म्हणजे संगणक. तो दक्षिणाही घेतो. त्याने आजवर काय काय वाचून दाखविले आणि त्याच्या शब्दावर किती भिस्त ठेवावी, याचा थोडा हिशेब वाचकांपुढे मांडावा, असा या लेखाचा हेतू आहे. हिशेब मांडताना मी आपल्या जिल्ह्याबाहेर पुष्कळ भटकणार आहे. पण निघणार आहे तो घरातूनच. कारण आमच्या जिल्ह्याच्या दोन टोकांना या प्रश्नाची दोन टोके आहेत: दक्षिणेला सिंदखेडराजा आणि उत्तरेला जामोद.

सिंदखेडराजाचे नाव महाराष्ट्रात कुणाला सांगावयास नको. १२ जानेवारी १५९८ रोजी येथे लखुजी जाधवरावांच्या वाड्यात जिजाबाई जन्मल्या. जाधवराव स्वतःला देवगिरीच्या यादवांचे वंशज म्हणवीत. देवगिरीचे राज्य १३१८ च्या सुमारास पुरते बुडाले. लखुजींचा उत्कर्ष सोळाव्या शतकाच्या अखेरीचा. मधली अडीचशे वर्षे केवळ कुळाच्या आठवणीवर तरलेली. पण या आठवणीला हसण्याचे कारण नाही. त्या काळी वंशावळ ही करमणूक नव्हती. ती वतनाची सनद होती. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक करावयाचा ठरला, तेव्हाही भोसल्यांचे कूळ उदेपूरच्या सिसोदियांशी जोडून दाखवावे लागले. ज्याने तलवारीच्या बळावर राज्य उभे केले, त्यालाही शेवटी एक कागद लागला! आणि केवळ कुळाने काही माणूस तरत नाही, हेही सिंदखेडनेच पाहिले: १६२९ साली दौलताबादेस निजामशाहाच्या दरबारात लखुजी आणि त्यांचे मुलगे-नातू मारले गेले. त्यांची भव्य समाधी आजही गावात उभी आहे.

आता जरा अंकगणित करू. जिजाबाईंच्या जन्माला सव्वाचारशे वर्षे झाली. पंचवीस वर्षांची एक पिढी धरली तर आजच्या तरुणापासून त्या काळापर्यंत सतरा पिढ्या होतात. प्रत्येकाला आईबाप दोन, आजे-आज्या चार, पणजे-पणज्या आठ. असे दुप्पट करीत सतराव्या पायरीवर गेले की १,३१,०७२ पूर्वजांची जागा निघते. त्यांतली पुष्कळ माणसे दोन-दोन, चार-चार ठिकाणी तीच ती येत असणार, हे खरे. तरीही माळ्यावरच्या कागदावर त्या सव्वालाखांपैकी कितीजण असतात? एक. बापाचा बाप, त्याचा बाप, एवढीच एक सरळ रेघ. आणि त्या रेघेवर एकाही बाईचे नाव नाही. ज्या जिल्ह्याने जिजाबाई दिली, त्या जिल्ह्यातल्या शेकडो वंशावळींत जन्म देणारीची तेवढी नोंद नाही, हा विचार मनात आला की तो पिवळा कागद मला फार अपुरा वाटू लागतो.

* * *

आता उत्तरेला चला. जळगाव जामोदच्या पलीकडे सातपुड्याची रांग सुरू होते. तेथे कोरकू लोकांची वस्ती आहे आणि त्यांच्या शेजारी, पुष्कळदा त्यांच्याच शेतावर मजुरी करीत राहणारे निहाल लोक आहेत. जामोद, सोनबर्डी, कुवरदेव, चालठाणा ही त्यांची गावे. त्यांची बोली निहाली. ती बोलणारी माणसे आता दोन-अडीच हजारांच्या घरात असतील. अशा छोट्या बोलीकडे कोण लक्ष देणार? पण जगातल्या भाषापंडितांनी दिले आहे आणि त्याचे कारण मोठे विलक्षण आहे.

कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. छोटा नागपूरची संताळी, मुंडारी यांची ही पश्चिमेकडे येऊन राहिलेली धाकटी बहीण. या मुंडा भाषांचे गोत थेट कंबोडिया-व्हिएतनामच्या भाषांपर्यंत जाऊन भिडते. भारताच्या भाषिक पाहणीचा चौथा खंड १९०६ साली निघाला, त्यात निहालीलाही मुंडा भाषांच्याच पंगतीला बसविले होते. पुढे १९६२ साली कायपर या डच पंडिताने तिचा बारकाईने अभ्यास करून पुस्तक लिहिले. त्याला दिसले ते असे: या बोलीत कोरकू शब्द भरपूर, मराठी-हिंदी शब्दही भरपूर, काही द्रविड शब्द, पण हे सगळे पाखडून बाजूला काढले तरी सुपात जवळजवळ चौथा हिस्सा असा उरतो की त्याला आप्त म्हणून कुणी सापडत नाही. कोरकूत पाण्याला ‘डा’ म्हणतात, निहालीत ‘जोप्पो’. एक म्हणजे ‘बिदुम’, तो कुणाचाच नाही. दोन, तीन, चार यांना ‘इर, मोट, नालो’, ते द्रविड घरातले. आणि पाचापासून पुढचे आकडे आपलेच, बाजारातले! एका हाताची बोटे मोजता मोजता हिंदुस्थानचा अर्धा इतिहास उलगडावा, असे भाग्य दुसऱ्या कुठल्या बोलीला लाभले असेल?

कायपरने एक शंकाही काढून ठेवली होती. ही कदाचित स्वतंत्र भाषा नसून, इतरांना कळू नये म्हणून बनविलेली चोरट्यांची सांकेतिक बोली असेल, अशी. पंडिताच्या टेबलावर ती एक साधी शक्यता असते. पण जिच्या घरात ती बोली बोलली जाते, त्या बाईच्या दृष्टीने तो शिक्का असतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजशी संबंधित असलेल्या आशा मुंडले यांनी पुढे निहालीचा शब्दसंग्रह तयार केला आणि तो १९९६ साली प्रसिद्ध झाला. आज निहालीला बहुतेक अभ्यासक निराधार, म्हणजे कुठल्याच कुळात न बसणारी भाषा मानतात. आपल्या जिल्ह्याच्या नकाशात कोपऱ्यात पडलेली ही चार गावे भाषाशास्त्राच्या नकाशात मात्र ठळक आहेत.

सिंदखेडला कागद आहे, पण त्यात बायका नाहीत. जामोदला कागदच नाही. तेथे वंशावळ आहे ती जिभेवर. पण जिभेवरची वंशावळ कितपत खरी? माणूस भाषा बदलतो, उसनी घेतो, टाकून देतो. वऱ्हाडातली कितीतरी तेलुगू घराणी आज अस्सल वऱ्हाडी बोलतात. तेव्हा जे बदलता येत नाही, उसने घेता येत नाही, अशी एखादी खूण माणसाच्या अंगी आहे काय, हा प्रश्न अपरिहार्यपणे येतो.

* * *

या प्रश्नाचा इतिहास शोधीत गेले की आपल्याच विदर्भात यावे लागते, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असेल. १९२० साली नागपुरास भारतीय विज्ञान परिषद भरली होती. तेथे प्राणिशास्त्रज्ञ अ‍ॅनन्डेल यांची गाठ प्रशांतचंद्र महालनोबिस या तरुण बंगाली प्राध्यापकाशी पडली. अ‍ॅनन्डेलसाहेबांनी कलकत्त्यातील अँग्लो-इंडियन लोकांची उंची, डोके, नाक अशी मापे घेऊन ठेवली होती. त्यांचे करावयाचे काय ते त्यांना उमगत नव्हते. ते काम त्यांनी महालनोबिसांना दिले. त्यातून पुढे १९३६ साली दोन मानवसमूहांमधले ‘अंतर’ मोजण्याचे ते प्रसिद्ध सूत्र पक्के झाले. त्यातली मेख सोपी आहे. उंच माणसाचा हात लांब असतोच. म्हणून उंची आणि हात हे दोन स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. एकाच घरातल्या दोन साक्षीदारांची साक्ष कोर्ट जशी जोखून घेते, तशी मापे जोखून घ्यावयाची. आज हे सूत्र जगभर नाना कामांत वापरतात. त्याचे बीज नागपुरात पडले.

मापांच्या या शास्त्राला एक काळी बाजूही होती आणि तिच्याशी झुंजली ती एक मराठी बाई. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला शिकावयास गेल्या. त्यांचे गुरू ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाचे कडवे पुरस्कर्ते. गोऱ्यांच्या कवटीच्या दोन बाजू सारख्या नसतात आणि त्यात त्यांच्या बुद्धीचे मर्म आहे, अशी त्यांची कल्पना. ती सिद्ध करण्याचे काम त्यांनी या विद्यार्थिनीवर सोपविले. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि लिहून दिले की या गोष्टीचा वंशाशी काहीएक संबंध दिसत नाही. परक्या देशात, गुरूच्या तोंडावर, जे मोजले तेच सांगावयाचे, याला धैर्य लागते. पुढे काही वर्षांतच त्या देशात वंशाच्या नावाखाली काय झाले, ते जगाने पाहिले. परत आल्यावर त्यांनी अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्यासह महाराष्ट्रातील लोकांच्या मापांचा ग्रंथ १९५१ साली प्रसिद्ध केला. आणि १९६८ साली मल्होत्रा यांच्यासमवेत सारख्याच दर्जाच्या आठ पोटजातींची तुलना मांडली. एका नावाखाली मोडणारे गट एकाच मुळातून फुटलेले असतातच असे नाही, हा त्यांचा सिद्धांत. घरोघरच्या वंशावळींना बसलेला तो पहिला शास्त्रीय धक्का.

नाक-डोक्याची मापे मात्र अन्नपाण्याने बदलतात. म्हणून शास्त्रज्ञ रक्ताकडे वळले. पहिल्या महायुद्धात सलोनिकाच्या आघाडीवर हिर्झफेल्ड दांपत्याने निरनिराळ्या देशांच्या आठ हजारांवर सैनिकांचे रक्तगट तपासले, त्यांत हिंदी सैनिकही होते. ‘ए’ आणि ‘बी’ गटांचे प्रमाण देशोदेशी बदलते, हे १९१९ साली त्यांनी दाखविले. १९५२ साली डॉ. भेंडे यांनी मुंबईत असे रक्त शोधून काढले की ते ए, बी, ओ यांपैकी कशातच बसेना. जग त्याला आजही ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून ओळखते. पण रक्तगट म्हणजे हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या खुणा. खरी चोपडी उघडली ती डीएनए वाचता येऊ लागल्यावर.

* * *

ही चोपडी सुमारे तीनशे कोटी अक्षरांची आहे. कोणत्याही दोन माणसांच्या चोपड्या ताडून पाहिल्या तर हजारात एखाद्या अक्षराचा फरक निघतो. मग या फरकांवरून माणसाचे गाव ओळखता येते काय? २००२ साली ५२ समूहांतील १,०५६ माणसांची तपासणी झाली, तेव्हा दिसले की माणसामाणसांतल्या एकूण फरकांपैकी ९३ ते ९५ टक्के फरक हे एकाच समूहातल्या दोन शेजाऱ्यांत असतात. खंडाखंडांतला म्हणावा असा फरक तीन ते पाच टक्के. म्हणजे माणूस म्हणून आपण किती एक आहोत, हे त्या यंत्राने पहिल्या झटक्यालाच सांगून टाकले. वंशाच्या खुणा शोधणे म्हणजे उरलेल्या त्या चार टक्क्यांतून चाळणी फिरविणे.

क्वचित एखादी खूण ठसठशीत असते. लाल पेशीवरचा ‘डफी’ नावाचा एक अंश पश्चिम आफ्रिकेतल्या जवळजवळ सर्वांत नसतो, आणि त्यामुळे त्यांना एका जातीचा हिवताप सहसा बाधत नाही. इतर खंडांत तो बहुधा असतोच. पण अशा खुणा विरळा. बहुतेक अक्षरे इकडे शंभरात साठ तर तिकडे शंभरात पन्नास, अशी असतात. एकट्या अक्षराला काही किंमत नाही. खामगावच्या बाजारात मुरलेला व्यापारी कापसाचा एकच तंतू पाहून भाव करीत नाही. मूठभर घेतो, ताणून पाहतो आणि मग बोलतो. यंत्रही तसेच लाखो अक्षरांची मूठ घेते.

ही मूठ जोखण्याची जी साधने निघाली, त्यांत २००० साली प्रिचर्ड, स्टीफन्स आणि डॉनेली यांनी रचलेली ‘स्ट्रक्चर’ ही संगणकाची आज्ञावली आद्य म्हणावी लागेल. २००९ साली तेच काम फार वेगाने करणारी ‘अ‍ॅडमिक्स्चर’ आली. तिचे काम कसे चालते ते दिवाळीच्या दिवसांत समजावून सांगणे सोपे आहे. समजा, गल्लीतल्या पन्नास घरांतून चिवड्याच्या पन्नास बश्या आल्या. कुणाच्या घरी कोणता चिवडा केला होता, ते आपल्याला माहीत नाही. बश्यांत सगळे मिसळले आहे. पोहे, दाणे, डाळे, खोबरे यांची प्रमाणे प्रत्येक बशीत मोजून, ‘मुळात चिवड्याचे तीन प्रकार असावेत आणि या बशीत पहिल्याचे दहा आणे, दुसऱ्याचे चार, तिसऱ्याचे दोन आणे मिश्रण आहे,’ असा तर्क करावयाचा. आज्ञावली करते ते एवढेच. पण ‘मुळात प्रकार किती’ हा आकडा तिला माणसाने द्यावा लागतो! दोन म्हणा, ती दोन करून देते. सात म्हणा, सात करून देते. कोणता आकडा बरा, याच्या कसोट्या आहेत. पण मूळ प्रकारांना ‘हे अमक्यांचे रक्त’ असे नाव देतो तो माणूसच. हे यंत्र सहसा नाही म्हणत नाही, आणि यातच त्याचा मोठा धोका आहे.

दुसरी युक्ती काळ मोजण्याची. आपल्या बाया जुन्या लुगड्यांची गोधडी शिवतात. समजा, एक पैठणी आणि एक इरकली अशा दोन लुगड्यांची गोधडी झाली. पुढच्या पिढीने ती फाडून पुन्हा शिवली, त्याच्या पुढच्या पिढीने पुन्हा. दर खेपेस तुकडे लहान होत जाणार. शंभर-दोनशे वर्षांनी कुणी ती गोधडी हाती घेतली, तर तुकड्यांच्या सरासरी लांबीवरून ती कितव्यांदा शिवली आहे, हे सांगता येईल. आईबापांच्या गुणसूत्रांचे दर पिढीला असेच तुकडे होऊन नवी शिवण पडते. म्हणून तुकड्यांची लांबी हे पिढ्यांचे घड्याळ.

आणि या सर्वांखेरीज दोन धागे असे आहेत की ते फाटतच नाहीत. एक बापाकडून फक्त मुलग्याला मिळतो. दुसरा आईकडून सर्व मुलांना मिळतो, पण पुढे जातो तो फक्त लेकींकडून. पहिला धागा म्हणजे माळ्यावरचा कागदच जणू. दुसरा मात्र अगदी नवा: आई, तिची आई, तिची आई. आजवर कुणी न लिहिलेली बायकांची वंशावळ.

* * *

या दोन धाग्यांनी काय सांगितले ते आता पाहू. मुंडा भाषा बोलणारे लोक मूळचे येथलेच, की आग्नेय आशियातून आलेले, हा शंभर वर्षांचा वाद. २०११ साली ज्ञानेश्वर चौबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा लाख दहा हजार खुणा तपासून निष्कर्ष मांडला, तो दोन्ही पक्षांना निम्मा-निम्मा न्याय देणारा होता. बापाचा धागा आग्नेय आशियाकडे जातो. आईचा धागा येथल्याच मातीतला. २०१९ साली १०२ मुंडाभाषिकांची तपासणी प्रसिद्ध झाली. तिच्यात गोधडीचे घड्याळ लावले, तेव्हा ही सरमिसळ २,००० ते ३,८०० वर्षांपूर्वीची निघाली. पूर्वेकडून आलेला हिस्सा शंभरात सुमारे एकोणतीस, बाकी सारा हिंदुस्थानचा. तात्पर्य, पूर्वेकडून जे आले ते मुख्यतः पुरुष होते. त्यांनी येथल्या बायकांशी घरसंसार थाटला. आणि मुलांच्या तोंडी भाषा आली ती बहुधा बापाची. ‘मायबोली’ हा शब्द आपण किती सहज वापरतो! मुंडांच्या बाबतीत ती बापबोली असावी. मग त्या आयांची मूळ बोली कोणती होती? ती कुठे गेली? जामोदच्या निहालीतल्या त्या पोरक्या शब्दांकडे मी या दृष्टीने पाहतो, तेव्हा माझे मन हुरळते. हा पुरावा नव्हे, हे जाणतो. पण ज्यांची नावे कुठेच लिहिली गेली नाहीत, त्या आयांचे हिंदुस्थान कधीतरी या डोंगरात बोलत होते, एवढे तर खरे.

दुसरे उदाहरण याच्या अगदी उलट आणि आपल्याला अधिक जवळचे. कोकणातले बेने इस्रायल, म्हणजे आपले शनवार तेली. घाण्याचा धंदा, शनिवारी काम बंद. आडनावे रोहेकर, पेणकर, केहिमकर अशी गावांवरून पडलेली. अलिबागेजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, त्यांचे आपण वंशज, ही त्यांची परंपरागत कथा. लिखित पुरावा अठराव्या शतकापलीकडे जवळजवळ नाही. २०१६ साली त्यांच्यापैकी १८ जणांच्या खुणा इतर समूहांच्या खुणांशी ताडून पाहण्यात आल्या. निकाल असा: हे लोक सर्वसाधारण येथल्यांसारखेच, पण तपासलेल्या भारतीय समूहांत पश्चिम आशियातल्या यहुद्यांशी भरीव नाते निघाले ते यांचेच. सरमिसळ १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीची, म्हणजे गेल्या हजार वर्षांतली. यहुदी हिस्सा अधिक करून पुरुषांकडून, स्थानिक हिस्सा स्त्रियांकडून.

हा काळ सरमिसळीचा आहे, आगमनाचा नव्हे. तेव्हा गलबताच्या कथेला यंत्राने खोटे पाडले, असे म्हणता येत नाही. उलट ज्यांच्या यहुदीपणाबद्दल इतरांनी वर्षानुवर्षे शंका घेतल्या, त्यांच्या आठवणीत तथ्य होते, असेच ठरले. पण मला अधिक भावते ते वेगळेच. धर्म बापांनी दिला. आणि लुगडे, जेवणाची चव, ओव्या, मराठी भाषा ही सारी आयांची देणगी. त्यांची वस्ती आज मुख्यतः इस्रायलात आहे आणि तेथून ते एक मराठी नियतकालिक काढीत आले आहेत. त्याचे नाव ‘मायबोली’. येथे मात्र तो शब्द अक्षरशः खरा आहे!

आणि उरलेल्या आपल्या सर्वांचे काय? हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील लालजी सिंह व थंगराज आणि अमेरिकेतील त्यांचे सहकारी यांनी २००९ साली २५ समूहांतील १३२ जणांची तपासणी प्रसिद्ध केली. भारताच्या मुख्य भूमीवर त्यांनी तपासलेले बहुतेक सारे समूह दोन प्राचीन लोकप्रवाहांच्या मिश्रणातून झालेले निघाले. कुणात पहिल्याचे प्रमाण अधिक, कुणात दुसऱ्याचे. निखळ असा कुणीही नाही. २०१३ साली ७३ समूहांवर काळाचे घड्याळ लावले, तेव्हा हे मिश्रण सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात सर्वदूर झाले, असे दिसले. आणि मग ते थांबले. म्हणजे जातीबाहेर लग्न न करण्याची रीत ‘अनादि’ नव्हे. तिच्याआधी दोन हजार वर्षे आपले पूर्वज मोकळेपणाने एकमेकांच्या घरात नांदत होते. शहाण्णव कुळांच्या आणि साडेतीन शहाण्यांच्या गप्पा मारताना एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

* * *

हे सारे वाचून कुणाला वाटेल, आता कागद जाळा आणि यंत्राची पूजा मांडा. तसे नाही. आमच्या जिल्ह्यातले लोणारचे सरोवर आकाशातून पडलेल्या अशनीने झाले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याचे वय एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षे ठरले होते. पुढे दुसऱ्या पद्धतीने ते पाच लाख सत्तर हजार निघाले. सरोवर तेच, दगड तेच. वय दसपट झाले. यंत्राचे उत्तर हे यंत्राचे असते. नव्या साधनापुढे ते पुन्हा उभे राहिलेच पाहिजे.

माझा एक भाचा अमेरिकेत असतो. त्याने तेथल्या एका कंपनीला नळीत लाळ भरून पाठविली. दीड महिन्याने उत्तर आले की तुम्ही शंभर टक्के दक्षिण आशियातले. त्याची आई फोनवर म्हणाली, “अरे, एवढ्यासाठी पैसे कशाला घातलेस? मलाच विचारावयाचे होतेस!” यात विनोद आहे, पण शास्त्रही आहे. यंत्र ताडून पाहते ते आपल्या संग्रहातल्या नमुन्यांशी. संग्रहात आयर्लंडचे परगणे वेगवेगळे आहेत, पण वऱ्हाड आणि खानदेश वेगळे नाहीत. मग ते बिचारे काय सांगणार? आणि एकदा दिलेली लाळ परत घेता येत नाही. अमेरिकेतील ‘ट्वेंटी-थ्री अँड मी’ ही नामांकित कंपनी मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीच्या कोर्टात गेली, तेव्हा दीड कोटी गिऱ्हाइकांच्या खुणांचे आता काय होणार, हा प्रश्न तेथल्या सरकारांपुढे उभा राहिला. तीर्थोपाध्यायाची चोपडी निदान विकली तरी घरातल्या घरातच राहत असे.

धोका याहून मोठाही आहे. ‘आम्ही मूळचे, तुम्ही उपरे’ हे सिद्ध करण्यासाठी लोक हल्ली या आकड्यांवर झडप घालतात. फिशरसाहेबांना कवट्यांकडून जे हवे होते, तेच त्यांना अक्षरांकडून हवे असते. इरावतीबाईंसारखे ‘नाही, तसे दिसत नाही’ म्हणणारे माणूस यंत्रापाशी बसलेले असेल तरच यंत्राचा उपयोग. शिवाय ज्यांचे रक्त तपासावयाचे, त्यांना विचारले पाहिजे, समजावून सांगितले पाहिजे आणि त्यातले त्यांच्या उपयोगाचे असेल ते आधी त्यांच्या हाती दिले पाहिजे. असे उपयोगाचे पुष्कळ आहे. विदर्भाच्या आदिवासी पाड्यांत आणि इतरही समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आजार पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. आईबाप दोघांकडून तीच खूण आली की मूल आजन्म दुखणे काढते. २०४७ पर्यंत हा आजार आटोक्यात आणण्याची राष्ट्रीय मोहीम जुलै २०२३ मध्ये सुरू झाली. पूर्वज सूर्यवंशी होते की चंद्रवंशी, यापेक्षा होणारे नातवंड निरोगी निघेल की नाही, हे सांगणारी खूण मला अधिक मोलाची वाटते.

माझे म्हणणे एवढेच की कागद, जीभ आणि रक्त ही तीन वेगवेगळ्या गोष्टींची साक्ष देतात. कागद सांगतो आपण कोण म्हणवून घेत होतो. जीभ सांगते आपण कुणाच्या शेजारी राहिलो, कुणाची चाकरी केली, कुणाशी बाजार केला. रक्त सांगते आपण कुणाच्या पोटी आलो. एकाचे काम दुसऱ्याकडून करून घेऊ नये. आणि यांतले रक्त थांबू शकते. ते आणखी हजार वर्षांनीही वाचता येईल. जीभ थांबत नाही. जामोदची शेवटची म्हातारी ‘जोप्पो’ म्हणावयाची थांबली की जगातला कोणताही संगणक तो शब्द तिच्या हाडांतून काढू शकणार नाही. आमच्या जिल्ह्यातल्या तरुण शिक्षकांना माझी विनंती आहे: खिशात आता सर्वांच्याच ध्वनिमुद्रणाचे यंत्र असते, ते घेऊन एकदा सातपुड्याच्या पायथ्याशी जा, बसा आणि ऐका.

आणि वाचकांनाही एक सुचवावेसे वाटते. दिवाळीत माळा झाडताना तो पिवळा कागद हाती लागेलच. तो टाकू नका. पण भाऊबिजेला बहिणी, आत्या, मावश्या घरी जमतील, तेव्हा त्यांना विचारा की आजीच्या आईचे नाव काय होते, ती कोणत्या गावची होती. दोन-तीन नावांपलीकडे बहुधा कुणालाच आठवणार नाहीत. जेवढी आठवतील तेवढी त्या कागदाच्या मोकळ्या समासात लिहून ठेवा. जागा भरपूर आहे. इतकी वर्षे ती कोरीच राहिली आहे.